बायकोचं बंदर

आमच्या औषधाच्या प्लांटमधल्या कँटीनला एक भिंतभर काच आहे. त्या काचेतून आयर्लंडमधल्या कॉर्क शहराचं बंदर दिसतं, आणि पाण्यापलीकडे कोव्ह हे गाव. उतारावर एकमेकांना चिकटून उभी असलेली रंगीत घरं, त्यांच्या डोक्यावर चर्च, पायथ्याशी धक्का. आमचं घर त्याच गावात आहे. मोठं प्रवासी जहाज लागलं की निम्मं गाव त्याच्यामागे झाकलं जातं. मग टेबलावरचं कुणीतरी मला म्हणतं, "आज तुझ्या बायकोची धावपळ दिसतेय!" मी हसतो आणि डबा उघडतो. पण घास तोंडात नुसता फिरत राहतो. मला ठाऊक असतं की ह्या क्षणी ती तिकडे उभी आहे, वाऱ्याने केस तोंडावर येताहेत, आणि जहाजातून उतरलेली पंचवीस-तीस माणसं तिचं बोलणं कान देऊन ऐकताहेत. माझं बोलणं इतकं मन लावून ऐकणारं माणूस ह्या देशात मला अजून भेटायचं आहे.

मत्सर हा शब्द फार पुस्तकी वाटतो. आमच्या घरी जळणं म्हणायचे. तर सरळच सांगतो, मी माझ्या बायकोवर जळतो.

सुरुवातीला असं नव्हतं. आयर्लंडला आलो ते माझ्या नोकरीवर. ती पुण्यात ज्युनिअर कॉलेजला इतिहास शिकवायची, ती नोकरी सोडून माझ्यामागे आली. मुलगी तेव्हा कडेवर होती. पहिली काही वर्षं ह्या देशाची खडान्खडा माहिती घरात फक्त मला असायची. कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचा, 'प्रेस' म्हणजे कपाट, 'ग्रँड' म्हणजे ठीक आहे, डॉक्टरकडे जायचं तर आधी कुणाला फोन करायचा, सगळं ती मला विचारायची. दुकानात गेलो की जरा मागे उभी राहायची आणि मी बोलायचो. मला ते आवडायचं. किती आवडायचं हे ते बंद झाल्यावर कळलं.

मुलगी शाळेत जायला लागली तशी ती गावातल्या एका छोट्या संग्रहालयात फुकट काम करायला जाऊ लागली. एका जुन्या गोदामात मांडलेलं ते संग्रहालय. ह्या बेटावरून जी माणसं देश सोडून गेली त्यांची हकिगत तिथे सांगतात. बटाट्याच्या पिकावर रोग पडला, माणसं उपाशी मेली, जी उरली त्यांनी ह्याच बंदरातून अमेरिकेची जहाजं धरली, आणि पुढे कित्येक पिढ्या धरतच राहिली. तेव्हा गावाचं नाव क्वीन्सटाउन होतं. इंग्लंडची राणी एकदा इथे उतरली म्हणून ते नाव. स्वातंत्र्य मिळाल्यावर लोकांनी ते पुसून टाकलं. हे सगळं मला बायकोकडून कळलं. त्याआधी मी ह्या गावात इतकी वर्षं राहत होतो आणि गावाला दुसरं नाव होतं हेही मला माहीत नव्हतं.

एक दिवस संग्रहालयातला मुख्य गाइड आजारी पडला आणि जहाज तर धक्क्याला लागलेलं. तिला पुढे केलं. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिचा आवाज बसला होता आणि डोळे चमकत होते. "अरे, शेवटी टाळ्या वाजवल्या लोकांनी!" ती म्हणाली. मी म्हणालो, "वा! दूध संपलंय, आणलंस का?"

पुढच्या हंगामापासून ती पगारी गाइड झाली.

आता ह्या गावाचं पोट कशावर चालतं हे सांगायला हवं. पूर्वी इथून माणसं जायची. आता त्याच माणसांची पतवंडं आणि खापरपतवंडं पांढऱ्याशुभ्र जहाजांतून परत येतात, दिवसभर फिरतात, रडतात, लोकरीचे स्वेटर घेतात आणि संध्याकाळी जातात. स्वेटरवाली बाई जहाजांचं वेळापत्रक गल्ल्याशेजारी चिकटवून ठेवते. वारा फार असला आणि जहाज आत न येता तसंच पुढे निघून गेलं, की कॅफेवाल्यांचं सूपचं पातेलं भरलेलं राहतं आणि अख्खं गाव हिरमुसतं. बायको म्हणते, "ज्या दुःखाने गाव रिकामं केलं त्याच दुःखावर आता ते जगतंय. मी हे तुच्छतेने नाही म्हणत हं, कौतुकाने म्हणतेय." ती असं काहीतरी म्हणाली की मला वाटतं, हे मला का नाही सुचत? आणि लगेच दुसरा विचार येतो, हे ती आधी त्या लोकांना सांगून आलेली असणार. मला उरलेलं मिळतंय.

धक्क्यावर उतरणाऱ्या अमेरिकनांना इथले गाइड 'वेलकम होम' म्हणतात. बायकोही म्हणते. बॉस्टनहून आलेल्या आजीला, जिची खापरपणजी कधीतरी इथून गेली, तिला आमच्या सदाशिव पेठेतली मुलगी हात पसरून म्हणते, घरी आलात, स्वागत आहे. आणि ती आजी तिच्या गळ्यात पडून रडते! मी हे एकदा सुट्टीच्या दिवशी स्वतः पाहिलं. मला त्या आजीचाही हेवा वाटला. ती इथे जेमतेम एक दिवस राहणार होती. मी इथे घर घेतलंय, माझी मुलगी मला उत्तरं इथल्या उच्चारातल्या इंग्रजीत देते, तरी टॅक्सीवाला मला विचारतो, घरी कधी जाणार परत? मला आजवर कुणी वेलकम होम म्हटलेलं नाही.

बायकोला आता टॅक्सीवाला तसं विचारत नाही. तो तिला विचारतो, उद्याचं जहाज किती वाजता. पोस्टातली बाई, शाळेतली शिक्षिका, मासेवाला, सगळे तिला नावाने हाक मारतात. मी एकटा गेलो तर मासेवाला क्षणभर आठवून बघतो आणि म्हणतो, अच्छा, तुम्ही त्या गाइडचे मिस्टर!

गेल्या उन्हाळ्यात माझी आई तीन महिने राहायला आली. आई बीडकडची. तिला इंग्रजी येत नाही आणि पुण्याची मराठीही तिने कधी अंगाला लावून घेतली नाही. मी मनाशी ठरवलं होतं की आईला हा देश मी दाखवणार. रजा काढली. दोन दिवस गाडीतून हिरवे डोंगर, मेंढ्या, समुद्राचे कडे असं सगळं दाखवलं. आई खिडकीतून बघत बसली. कड्यावर उभी राहून म्हणाली, "लई वारं हाय बाबा. चल गाडीत." तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "आई, माझ्याबरोबर येता का कामावर? आज ग्रुप छोटा आहे." आई पटकन उठली आणि तिने नवी साडी नेसली. कड्यावर येताना नव्हती नेसली.

मीही गेलो. ग्रुपमध्ये बहुतेक अमेरिकेतले म्हातारे-म्हाताऱ्या होत्या. मी सगळ्यांच्या मागे, हातात आईचा स्वेटर आणि छत्री घेऊन. बायको इंग्रजीत सांगायची आणि मधूनच वळून आईला दोन वाक्यांत मराठीत सांगायची. लोकांना त्याचं कौतुक वाटत होतं.

दुष्काळाच्या दालनात एक मोठं रेखाचित्र आहे. सरकारने उपाशी लोकांना काम दिलं, ते रस्त्यांचं. बायका-पोरं जमिनीवर बसून दगड फोडताहेत, बाजूला एक माणूस काठी घेऊन उभा आहे. चित्राखाली एका वाडग्यात पिवळं भरडलेलं पीठ ठेवलंय. मक्याचं. ते अमेरिकेतून मागवलं होतं आणि त्याला इथले लोक इंडियन मील, म्हणजे 'इंडियन पीठ', म्हणायचे. ह्या नावावर बायको नेहमी एक विनोद करते, तिथे ग्रुप हसतो.

त्या दिवशी विनोद व्हायचा राहिला. आई चित्राच्या अगदी जवळ गेली आणि म्हणाली, "ह्या बाया खडी फोडायल्यात का गं?"

"हो, आई. रस्त्यासाठी."

"आमी बी फोडली की. बहात्तरला. मी आन माजी माय."

बायको थांबली. ग्रुपही थांबला. तिने हलकेच विचारलं, "कुठे, आई?"

"आमच्याच गावात. पाझर तलावाचं काम निघालं व्हतं. म्या तवा तुज्या पोरीहून जरा मोठी आसंन." आईने कमरेच्या वर हात धरून आमच्या मुलीची उंची दाखवली. "मापाची खडी लागायची, लिंबाएवढी. मोठी ऱ्हायली की मुकादम पुन्ना फोडाय लावायचा. डोळ्यात चिपा उडायच्या, मंग माय माज्या तोंडाला तिचा पदर बांधायची. आन खायाला ती मिलो. लाल जवारी. भाकर थापाया गेलं की चिरायची. अमेरिकेतून आलीय म्हणायचे."

आई कुणाला सांगत नव्हती, चित्राकडे बघून बोलत होती. बायकोने एक वाक्य ऐकायचं आणि ते इंग्रजीत सांगायचं असं सुरू केलं. घाई नाही, नाटकीपणा नाही. पदराचं वाक्य सांगताना तिने स्वतःची ओढणी तोंडापुढे धरून दाखवली. अमेरिकेहून आलेली ज्वारी म्हटल्यावर एका उंच म्हाताऱ्याने टोपी काढून हातात घेतली. त्याने विचारलं, "त्यांनी बांधलेला तलाव अजून आहे का?"

बायकोने आईला विचारलं.

"हाय की," आई म्हणाली. "पानी ऱ्हात न्हाई त्यात. म्हशी बसत्यात."

सगळे हसले, आईसुद्धा. मग तो म्हातारा पुढे आला आणि त्याने आईचा हात दोन्ही हातांत धरला. आईने सोडवून घेतला नाही.

मी मागे उभा होतो. मला हे काहीच माहीत नव्हतं. आमच्या घरी कधी दुकानदाराने लालसर ज्वारी दिली तर आई ती तशीच परत पाठवायची. मला वाटायचं, किती हा चोखंदळपणा! माझ्या आईच्या लहानपणाची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती दहा-बारा परक्या लोकांबरोबर. आणि तीही निम्मी इंग्रजीत, कारण पुढचे लोक आवाज करत होते आणि आईचं मराठी माझ्यापर्यंत नीट पोचत नव्हतं. बायकोचं मात्र सगळं पोचत होतं.

घरी आलो. आई चहा घेत होती, मुलगी तिच्या मांडीशी बसून चित्र काढत होती. बायको म्हणाली, "आई, एक विचारू? तुम्ही आज जे सांगितलंत ते मी रोजच्या टूरमध्ये सांगितलं तर चालेल तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो.

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. बायको म्हणाली, "मी आईंना विचारलं."

"पण ती माझी आई आहे."

"मी कुठे नाही म्हणतेय?"

"मग तिच्या गोष्टी तू कशाला विकतेस? त्या अमेरिकनांना रडायला अजून एक निमित्त! तुमच्याकडे स्वतःचं दुःख कमी पडलं का, म्हणून आता आमच्या घरातलं न्यायचं?"

हे बोलताना 'तुमच्याकडे' ह्या शब्दात मी बायकोला आयरिश करून टाकलं, हे माझ्या लक्षात आलं. तिच्याही आलं. तिचा चेहरा उतरला. मुलीने खडू खाली ठेवला आणि म्हणाली, "बाबा, यू'र शाउटिंग."

आईने चहाचा कप टेबलावर ठेवला. "तुला कशाचा राग आलाय?" तिने मला विचारलं.

"तू मला कधीच सांगितलं नाहीस हे."

"तू कवा इचारलं?"

"मला माहीतच नव्हतं तर विचारणार काय?"

"हिला तरी कुटं म्हाईत व्हतं? पर ती थांबली. तुला सारकी घाई. आदी शाळा, मंग परीक्षा, मंग इमान." आई ते रागाने म्हणाली नाही. विमान हा शब्द तर ती हसूनच म्हणाली. मग बायकोकडे वळली. "सांग तू. पर मुकादम वाईट व्हता असं नगं सांगू. एकदा मायला चक्कर आली, तवा त्यानंच सावलीत बसवलं व्हतं. त्ये बी सांग."

"सांगेन," बायको म्हणाली.

त्या दिवसापासून दगड फोडणाऱ्या बायकांच्या चित्रापाशी माझी आजी आणि माझी आई यायला लागल्या. नाव न घेता. बायको म्हणते, आमच्या घरातली एक बाई. मुकादमाने सावलीत बसवलं तेही ती सांगते. लोक तिथे सर्वात जास्त वेळ उभे राहतात म्हणे. संग्रहालय चालवणाऱ्या बाईंनी आईचा फोटो मागितला. चित्राशेजारी सासू-सून उभ्या राहिल्या आणि फोटो मी काढला. चांगला आला.

आणि मग जे व्हायला नको होतं तेच झालं. मी आईवरही जळू लागलो. ती बायकोबरोबर रोज सकाळी धक्क्यापर्यंत चालत जायची. स्वेटरवालीने तिला लोकरीची टोपी दिली, तिने ती पदरावरून घातली. बाकावर बसणाऱ्या दोन म्हाताऱ्या तिच्यासाठी जागा धरून ठेवायच्या. भाषा कुणालाच कुणाची कळायची नाही, तरी हातवारे करून गुडघेदुखीवर त्यांचं बोलणं चालायचं. एका शनिवारी मी आईबरोबर जात होतो, समोरून मासेवाला आला आणि त्याने तिला इंग्रजीत विचारलं, कशा आहात? आई थाटात म्हणाली, "ग्रँड!" तो खूश होऊन तिच्याशी हात मिळवून गेला. माझ्याकडे बघून त्याने फक्त मान हलवली. जिला तीन महिन्यांनी परत जायचं होतं, तीही ह्या गावात रुजली होती. मीच कुठेतरी पुलावर उभा होतो, ना इकडे ना तिकडे, खिशात प्लांटचं ओळखपत्र घालून.

आईला डब्लिनच्या विमानतळावर सोडायचं होतं, त्या दिवशी दोन जहाजं होती. बायकोला रजा मिळेना. ती दारात आईच्या पाया पडली आणि रडली. म्हणाली, "मी यायला हवं होतं." मी मनात म्हणालो, नको. आणि सामान गाडीत टाकलं.

मोटरवेला लागलो. बायको असती तर एव्हाना काहीतरी विचारून झालं असतं. ती कसं विचारते ते मी आठवून पाहिलं. ती फार काही करत नाही. एक लहानसा प्रश्न टाकते आणि मग मध्ये बोलत नाही. मी म्हणालो, "आई, लग्न होऊन तू पहिल्यांदा आपल्या घरी आलीस, तेव्हा काय काय होतं गं घरात?"

आईने पदर सारखा केला. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारावंसं वाटत होतं, पण थांबलो. एक ट्रक मागे टाकला. मग ती म्हणाली, "एक सायकल व्हती," आणि बोलायला लागली ती विमानतळ येईपर्यंत बोलत राहिली. मध्ये एकदा पेट्रोल पंपावर थांबलो तर तिने विचारलं, "कुटवर आलते मी?" मी बरोबर सांगितलं. ती माझ्याकडे बघून हसली. वडील जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ज्या वडिलांबद्दल ती त्या दिवशी बोलली, त्यांना मी ओळखत नव्हतो. मला ते आवडले.

घरी पोचलो तेव्हा बायको स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. दिवसभर बोलून तिचा आवाज गेला होता. "नीट गेल्या ना? काय म्हणाल्या वाटेत?"

"बरंच काही."

"म्हणजे?"

"असंच. बाबांबद्दल."

तिने सुरी खाली ठेवली. "काय सांगितलं? सांग ना."

"सांगेन कधीतरी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पुन्हा चिरायला लागली, जरा जोरात. जेवताना तिने परत विचारलं. मी विषय बदलला. तिला वाईट वाटतंय हे मला दिसत होतं, आणि मला बरं वाटत होतं. दोन्ही खरं आहे. झोपण्यापूर्वी ती एवढंच म्हणाली, "मी कुठे नाही सांगणार ते. मला फक्त ऐकायचंय." मला थोडी लाज वाटली, तरी मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर निघालो. आमचं गाव एका बेटावर आहे, तिथून पलीकडे जायला गाड्या नेणारी एक फेरीबोट आहे, पाच-सात मिनिटांची. गाडी फेरीवर चढवली, इंजिन बंद केलं, काचा वर घेतल्या. आणि सायकलपासून सुरुवात करून ती सगळी गोष्ट मोठ्याने म्हणायला लागलो, आईच्याच बोलीत, व्हतं आणि न्हाईसकट, विसरायला नको म्हणून. शेजारच्या गाडीतला माणूस वळून बघत होता. मधलं एक वाक्य मला आठवेना. रविवारी फोन करून आईला विचारायचं ठरवलं, तोवर फेरी पलीकडे लागली होती.